स्लॅब टाकायच्या आधी

घर बांधणाऱ्या माणसाचा सगळा जीव खालच्या मजल्यात असतो. देवघर कुठं, बैठक केवढी, दारासमोर दार येतंय का, यावरून माझ्या परभणीच्या ऑफिसात नवरा-बायकोची भांडणं लागलेली मी पाहिली आहेत. वरच्या मजल्याचा विषय निघाला की मात्र सगळे एकदम उदार होतात. "वरचं काय एवढं, म्याडम? खालचंच वर छापा." हे मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक खुर्चीवर कसं बसतं यावरून मला कळायचं, आता हेच म्हणणार.

मी घरांचे नकाशे काढायची. पॉलिटेक्निकमधून पदविका घेतली, बरीच वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात टेबलावर वाकून रेघा ओढल्या आणि मग वसमत रोडला गाळा घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. बाई नकाशे काढते याचं लोकांना आधी नवल वाटायचं. पुढं पुढं बायकाच नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या, कारण ओट्याची उंची किती ठेवायची हे मी त्यांना विचारायची, नवऱ्यांना नाही.

ज्यांनी घर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. खालच्या मजल्याचं छत म्हणजेच वरच्या मजल्याची जमीन, आणि ते छत, म्हणजे स्लॅब, एकदाच ओतायचा असतो. जिना कुठून वर येणार आणि त्यासाठी जागा कुठं मोकळी सोडायची, वरच्या न्हाणीचा पाइप कुठून उतरणार, वरच्या भिंतींचं वजन कुठल्या बीमवर जाणार, हे सगळं त्याच्या आधी ठरावं लागतं. स्लॅब वाळल्यावर "म्याडम, जिना जरा इकडं सरकवता का" असं कुणी विचारलं, तर उत्तर घणानंच द्यावं लागतं. म्हणून वरचा मजला नंतर बघू, हे मी कधी चालू दिलं नाही.

दुसरी अडचण अशी की कागदावरचा नकाशा फार थोड्या माणसांना दिसतो. माणसं कागदाकडं बघतात, मान डोलावतात, सही करतात आणि भिंती उभ्या राहिल्यावर म्हणतात, "एवढीच का खोली?" त्यावर मी एक उपाय धरला होता. जोतं भरलं, वर सिमेंटचा कोबा झाला, कॉलम उभे राहिले की त्याच कोब्यावर वरच्या मजल्याचा नकाशा खऱ्या मापानं फक्कीनं आखायचा. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात तीच ही पांढरी भुकटी. मग घरच्या सगळ्यांना बोलवायचं आणि म्हणायचं, आता इथं राहून दाखवा.

झरीच्या एका शेतकऱ्याला वरून विहिरीवरची मोटार चालू आहे का ते दिसावं म्हणून मागं गॅलरी हवी होती. फक्कीच्या गॅलरीत तो उभा राहिला, शेजाऱ्याचं गोदाम कुठवर उंच आहे याचा त्यानं अंदाज घेतला आणि म्हणाला, विहीर तर ह्याच्याआडच जाणार. त्याचा अख्खा मजला आम्ही फिरवून घेतला. जिंतूरच्या एक शिक्षिका तर चांगल्या साडीनिशी कोब्यावर आडव्या झाल्या आणि पलंगावरून उठताना कपाटाचं दार गुडघ्याला लागेल हे त्यांनी मला पडल्या पडल्या सांगितलं. लोक हसायचे. मीही हसायची, पण रेघ पुसून परत मारायची. कागदावर मला जे सुचत नसे ते या फक्कीनं पुष्कळदा दाखवलं.

सगळ्यांत जास्त दाखवलं ते बोरीत.

बोरीचे बसवंतअप्पा किराणा-भुसाराचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. आयुष्य भाड्याच्या घरात काढून आता रस्त्यालगत त्यांनी स्वतःची जागा घेतली होती. पुढं दुकान, त्यामागं गोदाम, त्याच्यामागं अप्पा आणि त्यांची बायको राहणार, आणि वर मुलगा-सून. मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती.

"जिना लोखंडी, बाहेरून घ्या," अप्पा म्हणाले. "घरातली जागा खात न्हाई. आन् उद्या वरचं भाड्यानं द्यायचं झालं तर मोकळं."

"वर काय काय पाहिजे?"

"खालचंच छापा. पोरगा-सून काही बोलायचे न्हाईत." मग त्यांना वाटलं की मला नीट कळलं नसावं. "म्हंजे दोघंबी मुके-बहिरे हायेत, म्याडम. त्यांची तक्रार नसती कशाची."

मी नकाशा काढला. मधून बोळ, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला झोपायची खोली, मागं एक लहान खोली, सध्या सामानाला आणि पुढं मुलांना. पुढं सज्जा, बाहेरून लोखंडी जिना. हवा खेळती, उजेड भरपूर. मला तो आवडला होता.

जोतं तयार झालं तशी मी बोरीला गेले. मुलाचं नाव संगमेश. पाण्यातल्या मोटारींची जळलेली तार नव्यानं भरून द्यायचं त्याचं छोटं दुकान होतं. लोक मोटार आणून टाकायचे, तो ती चालू करून वर तळहात ठेवायचा आणि बोटांनीच सांगायचा, बेअरिंग गेलंय. सुनेचं नाव शिवलीला. माहेर झरीचं, शिक्षण नांदेडला कर्णबधिर मुलांच्या शाळेत. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. ओठांवरून थोडंफार वाचायची, बाकी मोबाइलवर लिहून दाखवायची. लिहिणं तुटक, पण अर्थाला कुठं कमी नसे.

त्या दोघांचे हात एकमेकांशी इतके भरभर बोलायचे की बघणाऱ्यानं सोडून द्यावं. घरातल्यांसाठी मात्र घरच्याच खुणा होत्या. कपाळावर बोटं ओढली की अप्पा. गुडघा चोळला की अक्का. अक्का म्हणजे अप्पांची बायको, संगमेशची आई. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. गुडघ्यांनी त्यांना हैराण केलेलं होतं. आपली खूण काय आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांचा त्याला आक्षेप नव्हता.

रज्जाक मिस्त्रीनं फक्कीची टोपली आणून दिली. मी रेघा मारल्या, प्रत्येक खोलीचं नाव खडूनं मोठं लिहिलं आणि सगळ्यांना बोलावलं. अप्पा दोन्ही हात मागं बांधून बोळातून एक चक्कर मारून आले आणि "ठीक हाय" म्हणाले. संगमेश झोपायच्या खोलीत जाऊन खिडकीच्या जागी उभा राहिला. शिवलीला स्वयंपाकघरात गेली. तिथून तिनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं तिथूनच उत्तर दिलं, ती हसली. मोठ्या मजेत त्यांचं बोलणं चाललं होतं. मला ते बघून बरं वाटलं. नंतर एकदम लक्षात आलं की ते माझ्या दोन भिंतींच्या आरपार बोलायलेत. भिंती अजून नुसत्या रेघा होत्या म्हणून.

तेवढ्यात अक्कांनी मला हाक मारली. त्या कॉलमला धरून कडेला उभ्या होत्या.

"ह्या मागल्या खोलीचं काय करायलात?"

"आत्ता सामान राहील. पुढं बाळाला होईल."

"लेकराची खोली खाली करा," अक्का म्हणाल्या. "माझ्या खोलीला लागून. गोदामातून काढा, कुठूनबी काढा. लेकरू माझ्यापाशी निजंल."

"पण अक्का, लहान बाळ आईजवळ—"

"ह्यांना त्याचं रडनं ऐकू यील का?"

शिवलीलाला शब्द कळले नसतील, पण सगळे कसे थांबलेत हे तिनं बघितलं. तिनं संगमेशकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग ती सरळ माझ्याकडं आली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. खोटं लिहायला मन होईना. अक्का जे म्हणाल्या तेच मी लिहिलं.

तिनं ते वाचलं. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती वळली, सिमेंटच्या पोत्यांवर टाकलेली जुनी चादर ओढून घेऊन आली, तिचं एक टोक रज्जाक मिस्त्रीच्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या रेघेवर नेऊन उभं केलं. हात वर करायला लावले. चादरीची भिंत झाली. ती अलीकडं, संगमेश पलीकडं. मी टोकाला होते, त्यामुळं मला दोघंही दिसत होते. ती हातांनी बोलत होती, भराभरा, आणि पलीकडं तो वेड्यासारखा इकडं तिकडं बघत उभा होता. मग तिनं आमचे हात खाली ओढले. चादर तिच्या कमरेशी आल्यावर तिनं आम्हाला थांबवलं. आता तिचे हात त्याला दिसायला लागले. तिनं एकच खूण केली आणि तो हसला.

मग तिनं मोबाइलवर लिहिलं, "भिंत इथपर्यंत." त्याखाली आणखी लिहिलं, "बाळ दिसलं पाहिजे. दिसलं की कळतं."

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "डोळे उघडे हायेत तवर दिसंल. निजल्यावर काय?" आणि त्या कॉलमला धरत धरत खाली उतरून निघून गेल्या.

आता घाईचं झालं. सेंटरिंगवाले, म्हणजे स्लॅबखालचा साचा ठोकणारे, बल्ल्या आणि लोखंडी प्लेटा घेऊन आले होते. बाळाची खोली खाली काढायची तर गोदामाची भिंत सरकणार, भिंत सरकली की बीम सरकणार. ठरायला जितका उशीर, तितकं लावलेलं खोलावं लागणार होतं. मी अक्कांच्या मागं त्यांच्या भाड्याच्या घरी गेले. त्या भाकरीचं पीठ मळायला बसल्या होत्या. मला पाट दिला, चहा टाकला आणि मी काही विचारायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

"संगमेश लहान असताना त्याला ताप भरला. लय ताप. जिंतूरला नेलं, ताप उतरला, पोरगं परत खेळायला लागलं. आमी खुश. मग मी हाक मारायची आन् हा बघायचाच न्हाई. मला वाटलं, माजलंय. मी मारलं त्याला, म्याडम. हाक मारली तर येत न्हाईस का म्हणून मारलं. ते निस्तं माझ्या तोंडाकडं बघायचं. कान गेलेत हे मला, आईला, उमजलं न्हाई. शेजारणीनं सांगितलं."

त्या पीठ मळत राहिल्या.

"आता हिचं लेकरू हाक मारंल आन् हिला उमजायचं न्हाई. त्या लेकराला काय वाटंल? आपल्या आईला आपली फिकीर न्हाई, असंच वाटंल का न्हाई?"

खोलीत उजेड नाही, पाणी तुंबतंय, जिन्यात डोकं आपटतंय, एवढ्याचीच उत्तरं मला येत होती. मी चहा पिऊन परभणीला परत आले.

ऑफिसात बसून मी कागदावर कागद घालवले. स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत आणली. झोपायच्या खोलीच्या आतल्या भिंतीत मोठी खिडकी काढली, म्हणजे ओट्याशी उभं राहून पलंग दिसेल. बोळ काढूनच टाकला. बोळात एकामागं एक चालावं लागतं आणि तसं चालताना या दोघांना बोलता येत नाही, हे माझ्या आता ध्यानात आलं होतं. दिवे अशा जागी घेतले की चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड पडेल. त्या दोघांपुरता मजला जमला. अक्कांचा प्रश्न होता तिथंच राहिला.

दोन-तीन दिवसांनी शिवलीला आणि संगमेश दवाखान्यात दाखवायला परभणीला आले होते, ते माझ्याकडं आले. मी नवा कागद समोर ठेवला. कमरेएवढी भिंत बघून तिनं संगमेशला कोपरानं ढोसलं. आतल्या खिडकीवर बोट ठेवून किती तरी वेळ बघत राहिली. अक्का जे बोलल्या ते तिला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी मी एवढंच लिहिलं, "अक्कांना राग नाही. भीती वाटते."

तिनं लिहिलं, "माहीत आहे. यांनी सांगितलं."

मी संगमेशकडं पाहिलं. त्याला कळलं कशाबद्दल चाललंय. त्यानं स्वतःच्या गालावर हलकी चापट मारली, गुडघा चोळला, आणि मग दोन्ही हात छातीशी असे धरले की जसं कुणी कुणाला कुशीत घट्ट घेतलंय. आई मारायची आणि मग कुशीत घ्यायची. चेहऱ्यावर कुठं तक्रार नव्हती.

शिवलीलानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. मागच्या लहान खोलीवर मी 'सामान / मुले' असं लिहिलं होतं. ते तिनं खोडलं आणि वर लिहिलं, 'आई'. अक्कांना ती आईच म्हणायची. मग मोबाइल घेऊन लिहिलं, "बाळ खाली जाणार नाही. आई वर येऊ देत. त्या ऐकतील. मी बघेन."

मी ते परत वाचलं. नको त्या ठिकाणी भिंती सरकवत मी इतके कागद घालवले होते, आणि हिनं भिंत न हलवता माणूस हलवलं. पण लगेच मला जिना आठवला. लोखंडी, बाहेरचा, शिडीसारखा उभा. मी गुडघा चोळून दाखवला आणि हातानं जिन्याची खूण केली. शिवलीलानं पेन्सिल माझ्यापुढं ठेवली आणि लिहिलं, "ते तुमचं काम."

ते खरंच माझं काम होतं. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला जिना सोपा करायचा तर पायरीची उंची कमी करावी लागते, मध्ये टेकायला थांबा द्यावा लागतो. पायरी बुटकी केली की पायऱ्या वाढतात, पायऱ्या वाढल्या की जिना लांब होतो. एवढा लांब जिना बाहेर मावत नव्हता, आणि पावसात ओल्या लोखंडावरून अक्कांना चढवायचं माझ्या मनात नव्हतं. तो घरातूनच जायला हवा होता, आणि घरात त्याला जागा होती ती एकच, अप्पांच्या गोदामात.

दुसऱ्या दिवशी बोरीला जाऊन मी गोदामातून जिन्याची रेघ मारली आणि अप्पांना, अक्कांना बोलावून घेतलं. पण बोलायला शिवलीला पुढं झाली. ती अक्कांसमोर उभी राहिली. गुडघा चोळला, वर बोट दाखवलं, हातांचा पाळणा करून हलवला. मग अक्कांच्या कानाला हलकेच हात लावला आणि स्वतःच्या डोळ्यांना. एवढंच. शाळेतली एकही खूण तिनं वापरली नाही. सगळ्या अक्कांच्याच घरच्या होत्या.

अक्का गोंधळल्या. "मी? वर?"

"मागची खोली तुमची," मी म्हणाले. "मध्ये खिडकी. तुम्ही तिकडं, बाळ इकडं."

"आन् माझी पूजा? सकाळी मला लिंगपूजेला निवांत जागा लागती."

मी खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत कोनाडा दाखवला. तो मी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता.

"खाली ह्यांच्याकडं कोण बघंल?"

"मी काय लेकरू हाय का?" अप्पा म्हणाले.

"अन् ह्या गुडघ्यांनी चढू कशी मी?"

त्यावर मी जिन्याची रेघ दाखवली. अप्पा रेघेच्या कडेनं चालत गेले, टोकाला पोचले, तसेच परत आले.

"हे माझ्या गोदामातून जायलंय."

"हो, अप्पा."

"तुरीची पोती कुठं ठिवू?"

अप्पा विटांच्या ढिगावर बसले आणि रज्जाक मिस्त्रीला म्हणाले, "सेंटरिंग कुठवर आलं?"

"आधा हो गया, अप्पा. जिना अंदर लिया तो खोलना पडेगा."

अप्पा मान हलवत राहिले. आयुष्यभर भाड्याच्या गोदामात पोती रचलेल्या माणसाला स्वतःचं गोदाम म्हणजे काय असतं, ते मला कळत होतं. त्यांना आणखी गळ घालावी असं मला वाटेना. शिवलीला संगमेशच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हे आता होत नाही असं धरून मी फक्कीची टोपली उचलली.

तेव्हा अक्काच बोलल्या. "पोत्यापायी लेकराचं अडवता का तुमी?"

अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजे तू वर जायलीस तर."

अक्कांना आपण काय बोलून गेलो ते मग कळलं. त्या विटांच्या ढिगाशी गेल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "एक पायरी रचून दाव. किती उंच करणार हायेस ते."

रज्जाकनं माझ्याकडं बघितलं, मी माप सांगितलं. त्यानं विटा रचून वर फळी टाकली. अक्का एका हातानं कॉलम धरून चढल्या. उतरल्या. परत चढल्या.

"हाय एवढीच ठिव," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर बोटभरबी नको."

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "खोल रे बाबा ते सेंटरिंग." पोत्यांसाठी पुढं त्यांनी दुकानाच्या बाजूला पत्र्याचं शेड काढलं, आणि त्या शेडवरून माझ्यावर त्यांचा बरेच दिवस राग होता. हिशोबाच्या वेळी ते माझ्याशी नीट बोलत, पण जिन्याकडं बघून सुस्कारा सोडत.

त्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, असा संगमेशनं हट्ट धरला. माझ्या नकाशात एकाच बाजूला होता. पाइप त्यानं स्वतः आणले, स्वतः वेल्डिंग केलं. कडेला एकही टोक हाताला लागणार नाही इतके ते घासून गुळगुळीत केले.

स्लॅब झाला. शिवलीला बाळंतपणाला झरीला गेली आणि तिला मुलगी झाली. वर भिंती चढत होत्या त्या काळात संगमेश रोज काम संपलं की फोटो काढून तिला पाठवायचा आणि ती झरीहून मला विचारायची, खिडकी अजून रुंद होईल का. मी एकदा केली. दुसऱ्यांदा नाही म्हणाले, कारण मग भिंतीत भिंत उरली नसती. घर भरलं त्या दिवशी जंगम स्वामी आले, पाद्यपूजा झाली, पुरणाचं जेवण झालं. बाळाला घेऊन अक्काच पहिल्यांदा जिना चढल्या. मध्ये थांब्यावर टेकल्या, सगळ्यांना खाली ताटकळत ठेवलं आणि मग पुढं गेल्या.

या धंद्याबद्दल एक खंत आहे, ती इथं सांगते. मी हौसेनं काढलेले कितीतरी वरचे मजले आज कुलपात आहेत. बापानं मुलासाठी बांधले, मुलं पुण्याला राहिली. दिवाळीत चार दिवस झाडून काढतात, परत कुलूप. परभणीतल्या काही गल्ल्यांमधून जाताना मी वर बघत नाही. माझी सज्ज्याची जाळी, माझ्या खिडक्या, आणि आत कबुतरं. त्याला माझा काही इलाज नव्हता. माणसं कुठं राहतील हे नकाशा ठरवत नाही.

म्हणून घर भरल्यावर काही महिन्यांनी बोरीला गेले तेव्हा मनात जरा धास्ती होतीच. अक्का खाली परत आल्या असतील, गुडघे दुखतात म्हणून. किंवा बाळ खाली आलं असेल आणि मागची खोली पोत्यांनी भरली असेल. गाळा बंद करून मी काम थांबवलं होतं, एका नात्यातल्या लग्नासाठी जिंतूरला चालले होते, वाटेत उतरले. दुपारची वेळ होती. अप्पा दुकानात होते. "वर जावा," ते म्हणाले. "सगळ्या वरच असत्यात. मला चहासुदिक वरून येतो."

मी जिना चढून वर गेले. शिवलीला कमरेएवढ्या भिंतीशी बसून मेथी निवडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, तिनं जवळ बसायची खूण केली. आतल्या खिडकीतून पाळणा दिसत होता, त्यापलीकडच्या खिडकीतून अक्कांचा पलंग. अक्का गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबलेला.

मोबाइलवर थोडं इकडचं तिकडचं लिहून झालं. बाळाच्या अंगाखाली ठेवायचं एक यंत्र त्यांनी मागवलं होतं. बाळ रडलं की आईच्या उशाखालचा डबा थरथरतो. अक्कांचा आधी त्यावर विश्वास नव्हता. शिवलीलानं लिहिलं, "पहिला महिना आई रोज जाग्या. यंत्राच्या आधी मला हलवायच्या." मी विचारलं, "आणि आता?" ती नुसती हसली आणि मेथी निवडायला लागली.

ती चार काड्या निवडायची आणि मान वर करून बघायची. आणखी चार काड्या, पुन्हा मान वर. मी तिच्याशी बोलत असताना, मोबाइलवर लिहीत असतानाही तिचं हे चालू होतं, आणि ते तिला कळतही नसावं. एकदा तिनं अशीच मान वर केली आणि मेथी बाजूला ठेवून उठली. मला कसलाही आवाज आला नव्हता. मी कान देऊन ऐकलं, तरी खालच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरशिवाय काही ऐकू आलं नाही. खिडकीतून बघितलं तेव्हा दिसलं की बाळानं नुसते पाय जवळ घेतले होते आणि ओठ काढायला सुरुवात केली होती. ते ओठ रडण्यापर्यंत पोचायच्या आत शिवलीलानं तिला उचललं, खांद्याशी धरलं. पोरीनं एकदा हुंकार दिला आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

शिवलीलानं खिडकीतूनच खुणेनं मला विचारलं, चहा? मी हातानं नको म्हटलं, पुढची गाडी गाठायची होती. तिनं मागच्या खोलीकडं बोट दाखवून विचारलं, उठवू का? मी नको म्हणाले. निघताना त्या दारातून एकदा डोकावले. अक्कांनी कूस बदलली होती, पदर तोंडावर ओढून घेतला होता, आणि त्या अजून झोपलेल्याच होत्या.